मणक्यात बुरशी निघाली, आता पुढे काय?

पत्र:
‘माझे वडील ६२ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी आतड्याला छिद्र पडलं म्हणून त्यांचं तातडीचं ऑपरेशन झालं. नंतर बरेच दिवस आयसीयूत होते. मानेच्या शिरेत लाइन होती, शिरेतूनच पोषण दिलं, भारी अँटिबायोटिक्स चालू होती. घरी आल्यावर तीनेक महिन्यांनी कंबर दुखायला लागली. वेदनाशामक गोळ्या झाल्या, शेक झाला. एमआरआयमध्ये कमरेचे दोन मणके आणि मधली चकती खराब दिसली. टीबी असणार म्हणून औषधं सुरू केली. दोन महिने झाले तरी दुखणं वाढतच गेलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सुईने मणक्यातला तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. आता किमान सहा महिने फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या घ्यायच्या आहेत, ऑपरेशन सध्या नको म्हणतात. टीबीची औषधं अजून चालूच आहेत. ती बंद करू का? दादा म्हणतो, पहिल्या डॉक्टरांनी फसवलं, आता दुसरीकडे नेऊन ऑपरेशनच करून टाकू. आत्या म्हणते, ही तीच काळी बुरशी, नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका. आईचा गुडघा बदललेला आहे, तिला वाटतं आता आपल्यालाही होणार. मी नेटवर पायांचे भयंकर फोटो पाहिले, तेव्हापासून झोप नाही. नुसत्या गोळ्यांनी हाडातली बुरशी जाते का? मी आधीच लक्ष द्यायला हवं होतं.’
– एक मुलगी

ताई,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. घरातले सगळे एकाच वेळी घाबरले आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर द्यायची जबाबदारी तुमच्या एकटीवर येऊन पडली आहे, हे त्यात दिसतं. आधी दोन गोष्टी सांगतो, त्या या आठवड्यातच करायच्या आहेत. बाकीचं त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

पहिली गोष्ट टीबीच्या औषधांची. ती आपल्या मनाने बंद करू नका, पण ‘चालू आहेत तर असू देत’ असंही म्हणू नका. टीबीच्या औषधांमध्ये रिफॅम्पिसिन असतं. ते यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडायला लावतं. फ्लुकोनॅझोलचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे साधारण पाव हिश्शाने घटतं. उद्या औषध बदलून इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल द्यायची वेळ आली, तर रिफॅम्पिसिनसोबत ती जवळजवळ निकामीच होतात. शिवाय टीबीची काही औषधं आणि या गोळ्या दोन्ही यकृतावर ताण आणतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: बायोप्सीच्या तुकड्याची टीबीसाठी जीनएक्स्पर्ट तपासणी झाली का, टीबीचं कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) लावलंय का, आणि त्याचा निकाल कधी येणार? टीबीच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. क्वचित दोन्ही आजार एकाच माणसात असतात, म्हणूनच निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. पण तो ठरवून घेतलेला निर्णय हवा. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आहेत आणि दोन्हींवरची औषधं चालू आहेत, असं व्हायला नको. तुमच्या पत्रावरून मला नेमकी हीच शंका येते की दुसऱ्या डॉक्टरांना पहिली औषधं अजून चालू असल्याचं कुणी सांगितलेलंच नाही.

दुसरी गोष्ट साखरेची. वडील मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही घेत असतील, तर फ्लुकोनॅझोल त्या गोळीचा परिणाम वाढवतं आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. रिफॅम्पिसिन नेमकं उलट करतं, या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. म्हणजे ते बंद झालं की पुढच्या दोनेक आठवड्यांत साखर आणखी खाली घसरण्याचा धोका आहे. दोन्ही बदल एकाच वेळी झाले तर सहज घात होऊ शकतो. घाम फुटणं, हात थरथरणं, अचानक चिडचिड, बोलणं असंबद्ध होणं यांपैकी काही दिसलं तर ‘आजारपणाने अशक्तपणा आलाय’ असं म्हणून सोडून देऊ नका, ताबडतोब साखर मोजा. या काळात घरी साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा आणि आकडे लिहून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, झोपेची गोळी, हृदयाचे ठोके सांभाळणारी गोळी, जे काही चालू असेल त्याची एकच यादी करून डॉक्टरांसमोर ठेवा. या वर्गातल्या बुरशीरोधक औषधांचं इतर औषधांशी फार लवकर वाजतं.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. पायातली ताकद कमी होत चालली, चालताना पाय ओढला जाऊ लागला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. रात्र असो, सुट्टी असो, थेट तातडीच्या विभागात न्यायचं. मणक्यातला पू किंवा ढासळलेलं हाड मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाबत असल्याची ही लक्षणं आहेत, आणि अशा वेळी ऑपरेशनला झालेला उशीर भरून काढता येत नाही.

आता मूळ प्रश्न. ही बुरशी मणक्यात गेली कशी?

कॅन्डिडा बाहेरून आलेली नाही. ती आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर थोड्या प्रमाणात राहते आणि एरवी काही त्रास देत नाही. वडिलांच्या आतड्याला छिद्र पडलं तेव्हा तिला बाहेर पडायला वाट मिळाली. भारी अँटिबायोटिक्सनी तिच्या शेजारचे जिवाणू मारले आणि तिला जागा मोकळी झाली. मानेतली लाइन आणि शिरेतून दिलेलं पोषण ही तिची रक्तात शिरायची ठरलेली वाट. मधुमेहाने प्रतिकारशक्ती आधीच दमलेली. यातला एकही उपचार चुकीचा नव्हता. त्या दिवसांत त्याच उपचारांनी त्यांचा जीव वाचवला. रक्तात गेलेली कॅन्डिडा मोठ्या माणसांत बहुतेक वेळा मणक्यांत, त्यातही कमरेच्या भागात रुजते. लहान मुलांत ती हातापायांच्या लांब हाडांत जास्त सापडते. रुजल्यावर लगेच दुखतं असंही नाही. रक्तातला संसर्ग होऊन गेल्यावर काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभरानेही पाठ दुखायला लागते. तोवर घरचे आणि डॉक्टर दोघंही आयसीयूचे दिवस विसरलेले असतात आणि वेगळ्याच दिशेने शोध सुरू होतो.

म्हणून आयसीयूची जुनी फाइल काढा. त्यात रक्ताच्या कल्चरचे रिपोर्ट शोधा. कुठे ‘यीस्ट’ किंवा ‘कॅन्डिडा’ लिहिलेलं आहे का? असेल तर त्यावर औषध किती दिवस दिलं होतं? ही माहिती आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या फार कामाची आहे. रक्तातून फिरलेली कॅन्डिडा डोळ्याच्या पडद्यावर आणि हृदयाच्या झडपांवरही बसू शकते. त्यामुळे बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी आणि हृदयाची इको तपासणी हवी का, हे त्यांना विचारा. नजर धूसर झाल्याची तक्रार वडील करत असतील तर ती वयावर ढकलू नका.

दादांचा राग मला समजतो. तरी पहिल्या डॉक्टरांनी फसवलं, असं मी म्हणणार नाही. कण्याचा टीबी आणि कण्यातली बुरशी एमआरआयवर सारखी दिसू शकतात. दोन्ही सावकाश वाढतात, दोन्हींत ताप बारीक असतो किंवा नसतोच, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) दोन्हींत वाढतो. जिथे टीबी भरपूर आहे तिथे पहिला विचार टीबीचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. माझी हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. सुईने तुकडा काढणं शक्य असताना तो न काढता कित्येक महिन्यांची औषधं सुरू करणं मला पटत नाही. हाडाच्या संसर्गात फोटो फक्त जागा दाखवतो. तिथे काय वाढतंय हे तुकडाच सांगतो. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगेन, कारण कण्याच्या या बुरशीचं निदान व्हायला आठवडे नव्हे तर महिने लागतात, आणि त्यातला मोठा भाग अंदाजाने दिलेल्या औषधांत जातो.

तुकडा काढतानाही एक साधी गोष्ट सांभाळावी लागते, ती अनेकदा चुकते. सगळा नमुना फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला तर त्यातले जंतू मरतात, कल्चर होऊच शकत नाही. एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा भाग निर्जंतुक डबीत, नुसत्या सलाइनमध्ये, कल्चरसाठी असा वेगवेगळा पाठवावा लागतो. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘जिवाणू, टीबी आणि बुरशी’ असं तिन्ही लिहिलेलं हवं. बुरशी मागितलीच नसेल तर तिचं कल्चर वेगळं लावलं जाईलच असं नाही, आणि काही बुरशी उगवायला चार आठवडेही घेतात. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी हे नीट केलं म्हणूनच आज तुमच्या हातात उत्तर आहे.

पण ते उत्तर अजून अर्धंच आहे. तुम्ही लिहिलंय की रिपोर्टमध्ये ‘कॅन्डिडा’ आला. कोणती कॅन्डिडा? अल्बिकन्स असेल तर फ्लुकोनॅझोल बहुतेक वेळा छान लागू पडतं. क्रुसेई असेल तर ते लागूच पडत नाही, तो तिचा जन्मजात स्वभाव आहे. ग्लाब्राटावर परिणाम कमी होतो किंवा डोस वाढवावा लागतो. ऑरिस बहुधा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची जी यादी काढली, तिच्यात ऑरिस सगळ्यात वरच्या गटात आहे. तेव्हा सहा महिन्यांच्या गोळ्यांची तयारी करण्याआधी प्रजातीचं नाव आणि कोणती औषधं लागू पडतात त्याचा रिपोर्ट, दोन्ही मागून घ्या. पुढच्या भेटीत एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली, तर हाच विचारा.

आता गोळ्यांचं. नुसत्या गोळ्यांनी हाडातली बुरशी जाते का? जाते, जर बुरशी त्या औषधाला दाद देणारी असेल आणि औषध पूर्ण मुदत घेतलं तर. फ्लुकोनॅझोल तोंडावाटे घेतलं तरी नव्वद टक्क्यांहून अधिक शरीरात शोषलं जातं. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, फरक पडत नाही. त्यामुळे शिरेतून दिलं तर जास्त जोर येईल, ही समजूत या औषधाबाबत खरी नाही. कण्याच्या कॅन्डिडासाठी मान्य असलेली पद्धत अशी आहे: रोज ४०० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल ६ ते १२ महिने, किंवा सुरुवातीला किमान २ आठवडे कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन किंवा अनिड्युलाफंगिन यांपैकी एक औषध शिरेतून, आणि मग त्याच गोळ्या. डोस वजनावर आणि मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो. क्रिॲटिनिन वाढलेलं असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून हा आकडा वाचून तुम्ही घरी डोस बदलू नका. डॉक्टरांनी सांगितलेले ‘किमान सहा महिने’ हे या पद्धतीला धरूनच आहेत. कुणी पैसे काढायला मुदत वाढवली, अशी शंका घरात कुणाच्या मनात असेल तर ती काढून टाका.

एवढा वेळ का लागतो? संसर्ग झालेल्या हाडात रक्तपुरवठा तुटलेला असतो. पाटाचं पाणी सोडलं की पहिले वाफे लगेच भिजतात आणि टोकाच्या वाफ्यापर्यंत ते थेंबाथेंबाने पोचतं, तसं औषध तिथे पोचतं. मणक्यांमधल्या चकतीला तर मोठ्या माणसांत स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शिवाय फ्लुकोनॅझोल कॅन्डिडाची वाढ थोपवतं, तिला एका फटक्यात मारत नाही. उरलेलं काम शरीराने करायचं असतं, आणि साखर तीनशेच्या घरात असेल तर शरीर ते करत नाही. पथ्याबद्दल तुम्हाला शंभर जण शंभर गोष्टी सांगतील. आंबवलेलं खाऊ नका, यीस्ट असलेलं खाऊ नका, म्हणजे बुरशी उपाशी मरेल, वगैरे. मणक्यातल्या बुरशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. वडिलांचं वजन आजारात उतरलं असेल, तर त्यांना पोटभर आणि प्रथिनं असलेलं खायला हवं. पथ्य एकच, साखर आटोक्यात.

या सहा महिन्यांतला सगळ्यात कठीण काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. दुखणं बरंच कमी झालेलं असतं, माणूस हिंडू-फिरू लागतो आणि गोळ्या नकोशा होतात. इथेच पुष्कळ जण सोडतात आणि आजार उलटतो. दुसऱ्या बाजूने, याच सुमारास केलेला एमआरआय पाहून घरचे हादरतात, कारण त्यात सुधारणा दिसत नाही, कधी तर आधीपेक्षा वाईट दिसतं. एमआरआय माणसाच्या मागे राहतो. दुखणं कमी, ताप नाही, भूक लागते, सीआरपी (हीदेखील सूज दाखवणारी रक्तचाचणी) आणि ईएसआर उतरतायत, तर फोटोतल्या छटांवरून लगेच घाबरू नका. उलट, औषध सुरू होऊन चारेक आठवडे झाले तरी रात्रीचं दुखणं तसंच आणि सीआरपी वरच असेल, तर औषध चुकतंय, पू साठलाय की दुसराच आजार आहे, हे पुन्हा पाहायला हवं. गोळ्या चालू असताना यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने करायच्या. ओठ कोरडे पडतील, त्वचा सुकेल, काही महिन्यांनी केस गळायला लागतील. हे या औषधामुळे होतं आणि ते थांबल्यावर भरून येतं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात किंवा अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दादांना ऑपरेशन म्हणजे ठोस उपाय वाटतो. कण्याच्या कॅन्डिडात ऑपरेशन लागतं ते नसांवर दाब आला तर, मणका ढासळून कणा डळमळीत झाला तर, मोठा पू साठला तर, किंवा औषधाने काहीच होत नसेल तर. यांपैकी काही नसताना ६२ वर्षांच्या, नुकत्याच आयसीयूतून उठलेल्या मधुमेही माणसाच्या कण्यात स्क्रू घालायची घाई कशासाठी? आणि ऑपरेशन झालं तरी महिनोन्महिने गोळ्या चुकत नाहीत, हे दादांना आवर्जून सांगा. आणखी एक: दुखणं थांबावं म्हणून कुणी कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर संसर्ग असताना ते घ्यायचं नाही. स्टेरॉइड सूज उतरवतं आणि बुरशीला मोकळं रान देतं.

इंजेक्शनवरून एक घटना सांगतो, कारण बुरशी हाडांपर्यंत पोचायच्या वाटा किती वेगवेगळ्या असतात ते तिच्यावरून कळतं. २०१२ मध्ये अमेरिकेत स्टेरॉइडच्या काही बाटल्या तयार होतानाच दूषित झाल्या. पाठदुखी आणि सांधेदुखीसाठी ती इंजेक्शनं घेतलेल्या ७५० हून अधिक लोकांना संसर्ग झाला. बऱ्याच जणांना मेंदूज्वर, इतरांना कण्यात किंवा सांध्यात. साठाहून अधिक माणसं दगावली. दोषी बुरशी होती एक्सेरोहिलम, जी एरवी गवतावर आणि मातीत असते. तिथे बुरशी रक्तातून आली नाही, सुईने थेट आत पोचवली गेली. पण एवढ्या लोकांच्या घरातल्या कुणाला त्यांच्यापासून ती लागली नाही.

हेच आत्यांच्या भीतीचं उत्तर. मणक्यातली कॅन्डिडा खोकल्यातून, स्पर्शातून, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. नातवाच्या अंगावरही स्वतःची कॅन्डिडा आधीपासून आहे. फक्त प्रजाती ऑरिस निघाली, तर ती त्वचेवरून आणि वस्तूंवरून इस्पितळातल्या दुर्बल रुग्णांत पसरते. तसं निघालं तर वडील पुढे कुठेही दाखल होताना ते आधी सांगायचं, आणि घरी हात साबणाने धुण्याची शिस्त पाळायची. सुदृढ मुलाला तेवढ्याने पुरतं. नातवाला आजोबांपासून तोडू नका. सहा महिने घरात पडून असलेल्या माणसाला त्याची गरज गोळ्यांइतकीच आहे.

आणि ही ‘ती’ काळी बुरशी नव्हे. २०२१ मध्ये करोनानंतर जी पसरली ती म्युकर. ती नाकातून सायनसमध्ये शिरते, रक्तवाहिन्या बंद पाडते आणि वरचा जबडा, डोळ्याची खोबण, कवटीचा तळ असं हाड काही दिवसांत कुजवत जाते. तिथे थांबायला वेळ नसतो. मेलेलं हाड काढावं लागतं आणि अँफोटेरिसिन हे बुरशीरोधक औषध लगेच सुरू करावं लागतं. त्या दिवसांत ज्यांनी जबडे गमावले त्यांची चित्रं लोकांच्या मनात बसली आहेत, आत्यांचं घाबरणं त्यातूनच आलंय. वडिलांची कॅन्डिडा वेगळी आहे, मंद आहे, आणि तिच्यावरचं औषधही वेगळं.

तुम्ही नेटवर पाहिलेले पायांचे फोटो बहुधा मायसेटोमाचे असणार, मदुरा फूट म्हणतात तो. मातीत अनवाणी काम करताना काटा टोचतो, त्यासोबत बुरशी किंवा जिवाणू आत जातात, आणि वर्षानुवर्षं न दुखणारी गाठ वाढत राहते. मग तिला छिद्रं पडून पुवातून काळे, पांढरे किंवा लालसर दाणे बाहेर येतात आणि शेवटी ती हाडात उतरते. १८६० च्या सुमारास मुंबईत काम करणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर या डॉक्टरने त्यामागे बुरशी असल्याचं मांडलं. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेच्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रं काढणारा तोच. इतक्या जुन्या ओळखीच्या या आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत जागा मिळायला २०१६ उजाडलं, याची मला खंत वाटते. कारण तो ज्यांना होतो ती शेतात राबणारी माणसं, आणि गाठ दुखत नाही म्हणून ती डॉक्टरकडे जातच नाहीत. हे वाचणाऱ्या कुणाच्या पायावर अशी न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ असेल, तर लहान असतानाच दाखवा. तुमच्या वडिलांशी मात्र त्या फोटोंचा काही संबंध नाही. ते पाहणं बंद करा.

आईंच्या गुडघ्याबद्दल. बदललेल्या सांध्याला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो हे खरं, पण कृत्रिम सांध्यांच्या सगळ्या संसर्गांत त्याचा वाटा साधारण एक टक्का आहे, आणि तो वडिलांकडून येत नाही. बहुधा एकाच सांध्यावर वारंवार ऑपरेशनं झालेल्या, खूप अँटिबायोटिक्स घेतलेल्या माणसांत तो दिसतो. बुरशी धातूवर थर करून बसते, त्यामुळे शक्य असेल तिथे जुना सांधा काढून, औषधं देऊन, मग नवा बसवावा लागतो. आईंचा गुडघा छान चालतोय तर काहीही करायचं नाही. तो पुन्हा सुजला, गरम लागला, जखमेच्या जागी पाणी येऊ लागलं, तर अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करण्याआधी सांध्यातलं पाणी काढून तपासायला सांगा, त्यात बुरशीचं कल्चरही.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, ‘मी आधीच लक्ष द्यायला हवं होतं.’ साठीच्या माणसाची कंबर दुखते तेव्हा कुणालाच बुरशी आठवत नाही. डॉक्टरांनाही ती सहज आठवत नाही. तुम्ही वडिलांना दुसरीकडे नेलंत आणि बायोप्सीला तयार झालात, म्हणून निदान झालं.

दादांना दुसरं मत घ्यायचंच असेल तर जरूर घेऊ द्या, मी त्याच्या विरुद्ध नाही. फक्त नुसते टाइप केलेले रिपोर्ट घेऊन जाऊ नका. एमआरआयची सीडी घ्या, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्या. तो रुग्णासाठी मिळतो, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यावर पुन्हा रंग चढवून बुरशी स्वतः पाहता येते. कल्चर उगवलेलं असेल तर ते सध्या फेकू नका, असं प्रयोगशाळेला आजच फोन करून सांगा. पुढे दुसऱ्या औषधासाठी चाचणी करायची झाली तर तीच बुरशी लागेल. आणि हे सगळं चालू असताना फ्लुकोनॅझोल एक दिवसही थांबवू नका. प्रजातीचा रिपोर्ट आला की मला कळवा.